सीडीआय बदलण्याआधी: इग्निशनचं काम शिकणाऱ्यांसाठी

टू-व्हीलरच्या गॅरेजमध्ये नवीन आलेल्या पोरांना मी आधी एकच सांगतो: प्लगला करंट येत नाही म्हणून लगेच सीडीआय, म्हणजे ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, मागवू नका. सीडीआय सीलबंद असतो, आत काय बिघडलंय ते दिसत नाही, म्हणून सगळा संशय त्याच्यावरच जातो. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत मात्र दोष बहुतेक वेळा त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे सापडतो.

त्यासाठी करंटचा रस्ता तोंडपाठ हवा. एसी सीडीआयमध्ये मॅग्नेटच्या (क्रँकबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या) सोर्स कॉइलचा करंट डायोडमधून कपॅसिटरमध्ये साठतो, साधारण २०० ते ४०० व्होल्टपर्यंत. मॅग्नेटवरचा उंचवटा पिकअप कॉइलसमोरून गेला की एक पल्स निघतो, त्याने एससीआर (आतला इलेक्ट्रॉनिक स्विच) उघडतो आणि साठलेला चार्ज एका झटक्यात एचटी (हाय टेन्शन) कॉइलमध्ये जातो. तिथून हजारो व्होल्ट प्लगला मिळतात. डीसी सीडीआयला सोर्स कॉइल लागत नाही. बॅटरीचे १२ व्होल्ट तो स्वतःच वाढवतो. त्यामुळे अशा गाडीत आधी बॅटरी तपासा.

जुन्या गाड्यांत ठिणगीची वेळ साधायचं काम पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे धातूचे संपर्क, करायचे. ते झिजले की टायमिंग सरकायचं. टायमिंगची किंमत कळायला एक हिशोब करून बघा: ६००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. मिश्रण पेटायला मात्र वेळ लागतोच, म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पडावी लागते.

तपासणी प्लगपासून सुरू करा. चांगला प्लग कॅपमध्ये घालून त्याची बॉडी इंजिनला घट्ट टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब. तिथे पेट्रोलची वाफ असते. कॅप नुसती हवेत लटकवून किक मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइलचं इन्सुलेशन फुटू शकतं. आणि बाहेर निळी ठिणगी दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका. सिलेंडरमध्ये दाब असतो, तिथे उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. अशक्त कॉइल बाहेर पास होते आणि चढावर गाडी मिसफायर करायला लागते.

सगळ्यात चकवणारी तक्रार म्हणजे ‘गार असताना एका किकमध्ये सुरू, गरम झाली की बंद, थोडा वेळ थांबलं की परत सुरू.’ अशी गाडी गार झाल्यावर तपासून काही हाती लागत नाही. चालवून आणा, बंद पडू द्या आणि गरम असतानाच पिकअप कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. गार असताना मॅन्युअलप्रमाणे बरोबर आकडा दाखवणारी कॉइल गरम झाल्यावर ओपन (सर्किट तुटलेलं) दाखवते, कारण आतली केसासारखी तार तुटलेली असते आणि उष्णतेने तिची टोकं सुटतात. त्याआधी टाकीचं झाकण मात्र उघडून बघा. झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी तक्रार अगदी अशीच येते.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांपैकी बहुतेकांत ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) हातात आहेत. तिथे पिकअपचं काम क्रँक सेन्सर करतो. स्पार्क नाही आणि प्लगही कोरडा, असं एकदम दिसलं तर आधी त्या सेन्सरचं सॉकेट उघडा. पावसाळ्यात पिनांवर हिरवा गंज चढलेला असतो.