ढब्बू मिरची म्हणायचं न्हाई

आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेचं जेवण होतं. सातवीतल्या माझ्या लेकीनं पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी मागितली, तर तिचा मामा म्हणाला, "ढब्बू मिरचे, बास की आता!" सगळी हसली. मीपण हसले. दुसऱ्या दिवसापासून पोरगीचं एकच, "मला भूक न्हाई." महिन्याभरानं तिच्या दप्तराच्या तळाशी कागदात गुंडाळलेल्या चार चपात्या सापडल्या, वाळून कडक झालेल्या.

तेव्हा पहिलं काम म्हणजे वजनावर बोलणं बंद. "किती बारीक झालीस गं" हे कौतुकही बंद, कारण ते ऐकून पोरी आणखी उपाशी राहतात. पाहुणे यायच्या आधीच फोन करून सांगा. मी भावाला सांगितलं, "तिच्या ताटाकडं बघून बोलायचं न्हाई. तोंड खाजलं तर खासबागच्या कुस्त्यांवर बोल."

पाळी यायच्या आधी वर्ष-दोन वर्षं पोरींचं अंग भरतं, ते वाढीचंच असतं. मोठ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, पोरांना तसाच लावायचा नसतो. भारतीय बालरोग अकादमीचे 5 ते 18 वयाचे वाढीचे तक्ते आहेत, मुलींचे वेगळे, मुलांचे वेगळे. ते डॉक्टरांनी बघावेत. घरातला वजनकाटा मी माळ्यावर टाकला.

जेवण मात्र वेळेवर हवं. तीनदा जेवण, मधे दोनदा खाणं. सकाळी उपाशी राहिली की संध्याकाळी भडंगाचा डबा एकटीच संपवायची, मग लाज वाटायची, मग पुन्हा उपास. हे चक्र बहुतेकदा उपासानं सुरू होतं, हावरटपणानं नव्हे. तिच्यासाठी वेगळं 'डाएट' शिजवू नका. कोल्ड्रिंक कमी करायचं तर सगळ्या घराचं करा. रविवारी मिसळ खुशाल खा, पण "आता रंकाळ्याला दोन फेऱ्या मार" म्हणू नका. रंकाळ्याला जायचं ते गप्पा मारायला.

पोरांच्या आयांनीही ऐका. वजनगटात बसायला पाणी तोडणारा तालमीतला पोरगा कौतुकाचा नाही, काळजीचा आहे.

जेवल्या जेवल्या न्हाणीत जाऊन कडी लावणं, चोरून खाणं, चक्कर, पाळी चुकणं, झपाट्यानं वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टर गाठा. 'अजून जाडच दिसतीय की' म्हणून थांबू नका. आधी जाड असलेल्या पोरीचं झपाट्यानं उतरलेलं वजनही तितकंच धोक्याचं असतं. एका डॉक्टरांनी काही न विचारता "वजन उतरलं, छान!" म्हटलं, तेव्हा मी दुसरे शोधले. बालरोगतज्ज्ञांकडं जा, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात जा. लगेच बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकटचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. आणि नेताना पोरीला "तुझ्या वजनासाठी चाललोय" म्हणू नका. "चक्कर येतीय न्हवं, ती बघून घेऊया," एवढंच म्हणा.