बॅन्फमध्ये घर शोधताय? आधी नोकरीचं पत्र जपून ठेवा

मी कॅनडातल्या बॅन्फ या डोंगरातल्या गावात राहते. दर वर्षी एप्रिल-मे आला की मला चार-पाच फोन ठरलेले. "ताई, बॅन्फला हॉटेलात काम मिळालंय, राहायची सोय कुठे होईल?" आणि अधूनमधून एखादा अगदी वेगळा फोन. "कॅल्गरीत आयटीत आहे, काम घरूनच करतो, म्हटलं डोंगरात एक छोटा कॉन्डो घेऊन तिकडेच राहावं." पहिल्याला मी खोली शोधायला मदत करते. दुसऱ्याला सांगते, बाबा रे, पैसे असले तरी तुला इथे राहता येणार नाही. त्याला वाटतं मी चेष्टा करतेय.

चेष्टा नाही, कायदा आहे. बॅन्फ राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात वसलेलं गाव आहे. कॅनडात अशी सात गावं आहेत आणि त्यांतलं हे सगळ्यात गजबजलेलं. गावाची हद्द जेमतेम चार चौरस किलोमीटर, २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ८,३०५. गाव वाढवायचं नाही हे ठरलेलं आहे. हद्द बांधलेली, दुकानं-हॉटेलांच्या क्षेत्रफळाला वरची मर्यादा घातलेली. मग उरलेल्या घरांत राहायचं कोणी? ज्यांचं काम इथे आहे त्यांनी. इंग्रजीत याला म्हणतात 'नीड टू रिसाइड', आणि असा माणूस म्हणजे 'एलिजिबल रेसिडेंट'. हे दोन शब्द पाठ करून ठेवा, भाडेकरारापासून खरेदीखतापर्यंत सगळीकडे भेटतील.

पात्र कोण? ज्याची मुख्य नोकरी उद्यानात आहे तो. ज्याचा इथे धंदा आहे आणि रोजच्या कामाला ज्याला जातीने हजर राहावं लागतं तो. निवृत्तीच्या आधीची सलग पाच वर्षं ज्याने इथेच नोकरी किंवा धंदा केला तो निवृत्त माणूस. उद्यानातल्या मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ शिकणारा विद्यार्थी. आणि या सगळ्यांचे जोडीदार आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसं. एक कलम वाचून मला दर वेळी हसू येतं: १९ मे १९११ च्या आधी ज्यांच्या नावावर इथल्या सरकारी जमिनीचा भाडेपट्टा होता, त्यांचे वंशजही पात्र, अट एवढीच की आजचा पट्टाही त्यांच्याच नावावर हवा. म्हणजे इथलेही वतनदार आहेतच!

हा नियम मी वाचून शिकले नाही, ठेच लागून शिकले. आले तेव्हा एका हॉटेलात हाऊसकीपिंगला होते, नवरा अजून खारघरलाच होता. तळघरातली एक खोली भाड्याने घेतलेली. खिडकी एवढी वर की बाहेर फक्त लोकांचे बूट दिसायचे. दुसऱ्या वर्षी कॅनमोरला रिसेप्शनवर जास्त पगाराची नोकरी मिळाली. कॅनमोर पंचवीस किलोमीटरवर, बस सोयीची, म्हटलं राहू इथेच, जाऊ-येऊ. करार वाढवायची वेळ आली तेव्हा घरमालकाने नोकरीचं नवं पत्र मागितलं. मी मोठ्या उत्साहाने दिलं. त्याने पत्रावरचा पत्ता पाहिला, पत्र घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, "तुझी नोकरी उद्यानाच्या गेटच्या बाहेर आहे." भाडं कधी थकवलं नव्हतं, तक्रार एकही नव्हती, पण करार वाढला नाही. मला तेव्हा त्याचा राग आला होता. आता कळतं, अपात्र माणूस ठेवला तर त्याचाच भाडेपट्टा अडचणीत आला असता.

आज नवरा बॅन्फमध्येच स्वयंपाकघरात आहे, त्यामुळे मी कुठेही नोकरी केली तरी चालतं. पण जोडप्यांनो, हिशेब नीट करा. दोघांपैकी एकाची तरी मुख्य नोकरी उद्यानात पाहिजे. दोघंही एकदम बाहेर गेलात की घराचा पाया गेला. पाहुणे म्हणून आई-बाबा आले तर कोणाची ना नाही.

आता जमिनीचं. इथे सातबारा नाही. उद्यानातली जमीन कॅनडा सरकारची, म्हणजे कागदोपत्री राजाची, आणि तुम्हाला मिळतो तो भाडेपट्टा. १८८५ मध्ये गरम पाण्याच्या झऱ्यांभोवतीची २६ चौरस किलोमीटर जागा राखीव झाली तिथून ही गोष्ट सुरू होते. पुढे सरकारनेच प्लॉट पाडून लोकांना पट्ट्याने दिले, कारण तेव्हा माणसं यायला हवी होती. आम्ही सिडकोच्या जमिनीवरची माणसं. जमीन सिडकोची, साठ वर्षांचा पट्टा, घर आपलं, विकताना एनओसी, हे आम्हाला नवीन नव्हतं. जो पुण्यात वडिलोपार्जित वाड्यात वाढला त्याला मात्र हे पचायला वेळ लागतो.

इथला निवासी पट्टा सहसा ४२ वर्षांचा. म्हणून घर बघताना स्वयंपाकघराच्या ओट्याआधी विचारायचं, पट्ट्याची किती वर्षं उरलीत? बँक हाच प्रश्न विचारणार. पंचवीस वर्षांचं कर्ज आणि पट्टा बावीस वर्षांचा उरलाय, तर मॅनेजरचा चेहरा लगेच बदलतो. काही जुन्या पट्ट्यांत नूतनीकरणाचं कलम आहे, काहींत नाही. जमिनीचं भाडं आणि ते पुढे कसं वाढणार हेही पट्ट्यातच लिहिलेलं असतं. व्यवहार पुरा व्हायला पार्क्स कॅनडाची, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेची, संमती लागते आणि आपण पात्र आहोत असं शपथेवर लिहून द्यावं लागतं. ते खोटं लिहू नका, कोणी कितीही "सगळे करतात" म्हणालं तरी. आणि वकील बॅन्फ-कॅनमोरकडचाच धरा. कॅल्गरीचा स्वस्त वकील पट्ट्याचा कागद पाहून आधी स्वतःच शिकायला बसतो, आणि त्याच्या शिकवणीची फी तुमच्याकडून जाते.

खुल्या बाजारातलं घर बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे, उगाच आशा लावत नाही. बॅन्फ हाऊसिंग कॉर्पोरेशनची घरं बाजारभावापेक्षा कमीत मिळतात. म्हाडाची आठवण येईल. पण पुढे विकताना किमतीवर बंधन असतं. गुंतवणूक म्हणून बघाल तर हिरमोड होईल, राहायला म्हणून बघाल तर बरं आहे. यादीत नाव पहिल्याच वर्षी घाला. नगरपालिकेच्या भाड्याच्या सदनिकाही आहेत, त्यांतली 'टीनू' ही १३१ घरांची इमारत २०१८ मध्ये उभी राहिली.

सुरुवातीला बहुतेकांना कंपनीचीच खोली मिळते. घ्या, नाक मुरडू नका. भाडं पगारातून कापतात, एका खोलीत दोघं-तिघं असतात, फ्रिजमधल्या आपल्या डब्यावर नाव लिहावं लागतं. खरी गोम वेगळी: नोकरी सुटली की खोलीही सुटते. म्हणून पहिल्या पगारापासून एका महिन्याच्या भाड्याएवढे पैसे बाजूला टाकत जा. बाहेर भाड्याने घ्याल तेव्हा अल्बर्टाचा, म्हणजे आपल्या प्रांताचा, कायदा तुमच्या बाजूने थोडाफार आहे. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. भाडं ३६५ दिवसांत एकदाच वाढवता येतं, पण कितीने वाढवावं याला मर्यादा नाही, हेही ऐकून ठेवा. आत शिरताना आणि सोडताना घराची तपासणी करून कागदावर सह्या घ्यायच्या. गालिच्यावरचा प्रत्येक जुना डाग लिहून घ्या. आमच्या एका ओळखीच्याने लाजेखातर लिहिला नाही, डिपॉझिटातून गालिचा धुऊन निघाला.

बांधकामाचं थोडक्यात. बॅन्फला १ जानेवारी १९९० ला नगरपालिका मिळाली, त्यामुळे परवान्यासाठी टाऊन हॉलमध्ये जायचं, वर पार्क्स कॅनडाचा डोळा असतोच. जॅस्परला, म्हणजे त्या सातांतल्याच दुसऱ्या एका गावाला, २००१ मध्ये नगरपालिका झाली, तरी जमीन आणि बांधकामाचं खातं बरीच वर्षं पार्क्स कॅनडाकडेच राहिलं. तिकडे जाणाऱ्यांनी इथला अनुभव जसाच्या तसा लावू नये. शिवाय २०२४ च्या जुलैमधल्या वणव्यात जॅस्परच्या सुमारे एक तृतीयांश इमारती गेल्या, तेव्हा तिथे घराची टंचाई काय असेल ते समजून घ्या. भाडेकरू असलात तरी विमा काढा. मालकाचा विमा इमारतीचा असतो, तुमच्या कुकरचा नाही.

घरून डबे देण्याचा विचार बऱ्याच जणींच्या डोक्यात येतो. माझ्याही आला होता. नगरपालिकेचा परवाना आणि आरोग्य खात्याची मंजुरी, दोन्ही घेतल्याशिवाय एक डबाही विकू नका. आणि घर पर्यटकांना रात्रीपुरतं देऊन हप्ता भरू, हे तर विसराच. बेड अँड ब्रेकफास्टचे परवाने मोजके आहेत आणि न विचारता केलेलं इथे पटकन कळतं, गाव लहान आहे.

आता कुरडयांची गोष्ट. पहिल्या जुलैत ऊन बघून मला राहवलं नाही. अंगणात चादर घालून कुरडया वाळत टाकल्या, शेजारी मिरच्या. तासाभरात वरच्या मजल्यावरची आजी खाली आली, चादर बघितली आणि शांतपणे म्हणाली, "तू अस्वलाला जेवायला बोलावतेयस का?" वन्य प्राण्यांना ओढणारं काहीही बाहेर ठेवायला बंदी आहे: खाणं, कुत्र्याचा वाडगा, तेलकट बार्बेक्यूसुद्धा. लोकांना फळझाडंही काढायला सांगतात. गावाच्या वासाला चटावलेलं अस्वल शेवटी जिवाला मुकतं. तेव्हापासून कुरडया आतच, हीटरसमोर वाळतात. चव तीच, फक्त घरभर चिकाचा वास.

अस्वलापासून १०० मीटर, एल्कपासून ३० मीटर लांब राहायचं. सप्टेंबरमध्ये नर एल्क माजावर असतात आणि मे-जूनमध्ये माद्या पिल्लांपायी अंगावर येतात. पार्किंगमध्ये गाडीसमोर उभी असेल तर ती जाईपर्यंत थांबायचं. कामाला उशीर झाला तर मॅनेजरला "एल्क" एवढं एकच सांगायचं, पुढे विचारत नाहीत.

आणि हो, घंटागाडी इथे येत नाही. कचरा आपणच गल्लीतल्या अस्वलरोधक पेटीत नेऊन टाकायचा. पेटीचं झाकण नुसतं ओढून उघडत नाही. कडेखालच्या खाचेत हात घालून आतली पट्टी दाबायची, मग उचलायचं. जानेवारीत जाड हातमोज्यांनी ती पट्टी सापडत नाही, म्हणून एका हातात पातळ मोजा घालून जा. आणि पिशवी पेटीबाहेर ठेवून कधी परत येऊ नका.