रस्त्याच्या कामात विजेच्या लाइन हलवायच्या किंवा जमिनीखाली घालायच्या असतील तर

रस्ता रुंद करायचं ठरलं की सगळ्यांचं लक्ष डांबर, काँक्रीट, गटार याकडे असतं, खांब शेवटी आठवतात. मग रस्ता तयार आणि मधोमध खांब उभा, नाहीतर नुकताच झालेला रस्ता केबलसाठी परत फोडलेला. म्हणून पहिलीच गोष्ट, लाइनचं काम रस्त्याच्या बरोबरीने नाही, रस्त्याच्या आधी संपवायचं. निविदेतच ते वेगळं काम म्हणून मोजून घ्या, "किरकोळ" मध्ये टाकू नका.

सुरुवात खांब मोजण्यापासून करा. प्रत्येकाला नंबर, फोटो आणि त्यावर काय काय लटकतंय ते लिहून काढा: वर हाय टेन्शन, खाली लो टेन्शन, घरांच्या सर्व्हिस वायर, पथदिवा, शिवाय इंटरनेट आणि टीव्हीच्या केबल. हे शेवटचं सगळ्यात जास्त अडकवतं. वीजवाले आपल्या तारा काढून मोकळे होतात आणि एका फायबरमुळे खांब महिनोन्महिने तसाच, कारण त्या फायबरवाल्याला नोटीसच गेलेली नसते. ज्याचं काही त्या खांबावर आहे त्या प्रत्येकाला पहिल्याच मीटिंगला बोलवा.

त्याच वेळी जमिनीखाली काय आहे तेही बघा. पाणी, गॅस, ड्रेनेज, जुन्या केबल. जुन्या नकाशावर विसंबू नका, केबल लोकेटर फिरवा आणि शंका असेल तिथे हाताने चाचणी खड्डा घ्या, जेसीबीने नाही. आणि रस्त्याची अंतिम लेव्हल हातात असल्याशिवाय खोली ठरवू नका. आजच्या जमिनीपासून १ मीटर खाली केबल घातली आणि नंतर रस्ता ४० सेंटिमीटर कापला तर ती ६० वर आली. उलट रस्ता वर उचलला तर वरच्या तारांची उंची कमी होते, आणि ते उंच गाडी अडकेपर्यंत कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता हलवायची की पुरायची? माझं मत सरळ आहे, जागा असेल तर हलवा, जागा नसेल तर पुरा. भूमिगत केबलला खर्च कित्येक पट येतो. ती वादळात, फांद्या पडल्यावर टिकते हे खरं, पण बिघडली तर शोधायला आणि दुरुस्त करायला वेळ लागतो. ओव्हरहेड लाइनवरचे बरेच फॉल्ट क्षणिक असतात, फांदी लागली, सुटली, ब्रेकर परत लागला की वीज आली. केबलचा फॉल्ट बहुतेक वेळा कायमचाच, म्हणून तिथे ब्रेकर आपोआप परत लावत नाहीत. इमारती तारांना खेटलेल्या, फुटपाथवर खांबाला जागा नाही, असं असेल तर मात्र पुरण्याला पर्याय नाही. मधला मार्गही आहे, चौक आणि क्रॉसिंग तेवढं खालून, बाकी खांबांवर. फक्त जिथे लाइन खाली उतरते त्या प्रत्येक खांबावर केबल टर्मिनेशन (केबल तारेला जोडायचं टोक) आणि लाइटनिंग अरेस्टर (विजेच्या कडकडाटापासून वाचवणारं साधन) लागतो, त्यामुळे दर दोन खांबांनी वर-खाली करू नका.

खांबच हलवायचे असतील तर काम सोपं. साधा नियम म्हणजे लांबीच्या सहाव्या भागाएवढा खांब जमिनीत, ९ मीटरचा असेल तर दीड मीटर. वळणावर आणि शेवटच्या खांबाला ताण, म्हणजे आधाराची तिरपी तार, लागतो, त्या ताणाची जागा नकाशात आधीच दाखवा नाहीतर तो फुटपाथच्या मधोमध येतो. नवीन लाइन पूर्ण उभी करा, मग एका छोट्या शटडाऊनमध्ये जोडणी बदला.

केबल घालायची तर मार्ग फुटपाथखालून घ्या, गाड्यांच्या पट्ट्याखालून नको. चर खणून तळाला वाळू, वर केबल, परत वाळू, मग फरशी किंवा कव्हर, त्याच्या वर थोड्या अंतरावर इशारा टेप, आणि माती थराथराने ठोकून. इथे घाई करतात आणि राडारोडा भरून टाकतात, दगडाने केबलचं वरचं आवरण फाटतं आणि त्याचा परिणाम वर्षांनी दिसतो. शिवाय एक्सएलपीई (एक प्रकारचं प्लास्टिक इन्सुलेशन) केबलचा कंडक्टर पूर्ण लोडवर ९० अंशांपर्यंत तापू शकतो, ती उष्णता मातीतूनच बाहेर जाते, सुकी सैल भर असेल किंवा चार केबल एकमेकींना चिकटवून टाकल्या तर केबल तेवढा लोड घेऊच शकत नाही.

रस्ता ओलांडायच्या जागी पाइप टाका, आणि हे सगळ्यात आधी, पहिला थर पडायच्याही आधी. दोन्ही बाजूंना कर्बच्या (रस्त्याच्या कडेच्या दगडाच्या) पलीकडे निघतील एवढे लांब, एक-दोन पाइप जास्तीचे, आत ओढायची दोरी, तोंडाला टोपी. हे जास्तीचे पाइप म्हणजे पुढची रस्ता-फोड वाचली. तीन फेजच्या तीन सुट्या केबल असतील तर एकेक केबल वेगळ्या लोखंडी पाइपातून कधीच नेऊ नका, पाइप तापतो. एचडीपीई (प्लास्टिकचा पाइप) वापरा. रस्ता फोडताच येत नसेल तर आडवं ड्रिलिंग करून पाइप ओढता येतो, पण त्याआधी खालच्या लाइनी पक्क्या माहीत हव्यात.

केबल ओढताना वळण फार आखूड घेऊ नका, व्यासाच्या १२ ते १५ पट त्रिज्या धरा, नेमका आकडा कंपनीच्या कागदात असतो. टोकं सीलबंद ठेवा, आत पाणी गेलं की इन्सुलेशन हळूहळू खराब होतं. जॉइंट पावसात नको, आणि जॉइंटपाशी थोडी जादा केबल वळवून ठेवा. ट्रान्सफॉर्मर, आरएमयू (केबलचे स्विच असलेली पेटी), फीडर पिलर (वीज वाटायची रस्त्याकडेची पेटी) यांना जमीन लागते हे लोक विसरतात, ती जागा आधीच मिळवा आणि ओटा पाणी साचतं त्या उंचीच्या वर बांधा.

केबल चार्ज करायच्या, म्हणजे तिच्यात वीज सोडायच्या, आधी मेगर (इन्सुलेशन तपासायची टेस्ट) आणि बाहेरच्या आवरणाची टेस्ट. एक्सएलपीईवर जुन्या पद्धतीची डीसी हाय व्होल्टेज टेस्ट टाळा, ०.१ हर्ट्झची व्हीएलएफ (अगदी कमी फ्रिक्वेन्सीची एसी टेस्ट) चांगली.

शटडाऊनचा दिवस. लेखी परमिट, स्विच उघडा, कुलूप आणि पाटी लावा, टेस्टरने खात्री करा, मग काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग. दोन्ही बाजूंना याचसाठी की कुणाच्या जनरेटरमधून उलटी वीज येऊ शकते, आणि लाइनमनचा जीव तिथे जातो. घरांच्या जोडण्या बदलताना न्यूट्रल पक्का आहे ना हे स्वतः बघा, तो सुटला तर काही घरांत व्होल्टेज दोन फेजच्या मधल्या व्होल्टेजजवळ जातं आणि फ्रिज, टीव्ही जळतात. फेजचा क्रमही तपासा, दोन फेज अदलाबदल झाल्या तर थ्री फेजचे पंप उलटे फिरतात.

जुने खांब बुंध्यात कापून सोडू नका, मुळासकट काढा आणि खड्डा थराने ठोकून भरा, नाहीतर बरोब्बर तिथेच रस्ता खचतो.

आणि चर बुजवायच्या आधी नोंद घ्या. केबलची खोली, कर्बपासूनचं अंतर, प्रत्येक जॉइंटची जागा, मोजायची टेप लावून फोटो, जीपीएस आकडे. आमच्या एका कामात जॉइंटची नोंदच राहिली होती, पुढे फॉल्ट आल्यावर तीन ठिकाणी खोदावं लागलं आणि तिसऱ्या खड्ड्यात सापडला, तोपर्यंत अख्खी गल्ली अंधारात. आता मी चर उघडा असतानाच नकाशा पूर्ण करून घेतो, आणि त्याची प्रत वीज, पाणी, गॅस, रस्ता या सगळ्यांच्या फाइलला लावल्याशिवाय भर टाकू देत नाही.