नाशिकच्या लेखात पहिला संदर्भ जोडताना

मराठी विकिपीडियावर नवखा माणूस बहुधा पहिल्याच दिवशी नवा लेख काढतो. मजकूर कुठल्या तरी वृत्तपत्रातून उचललेला असतो, लेख वगळला जातो आणि माणूस परत फिरकत नाही. सुरुवात त्यापेक्षा लहान ठेवा: आधीपासून असलेल्या लेखातले एक बिनसंदर्भाचे वाक्य घ्या आणि त्याला संदर्भ जोडा.

समजा, वाक्य असे आहे: ‘पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे.’ याला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकवरचा सोळावा खंड (१८८३) चालतो. ग्रंथालयात मिळाला नाही तर राज्य शासनाच्या दर्शनिका विभागाने जुनी गॅझेटियर ऑनलाइन ठेवली आहेत, तिथे पाहा. खंड, वर्ष आणि पृष्ठ क्रमांक टिपून घ्या. पृष्ठ क्रमांक नसेल तर पुढच्या माणसाला अख्खा खंड चाळावा लागतो. मात्र या खंडावर विसंबण्याला मर्यादा आहे. शिलालेख कुठे आहे, यासाठी तो ठीक. गौतमी बलश्री ज्या राजघराण्यातली, त्या सातवाहनांच्या कालनिर्णयासाठी नवे पुस्तक शोधा, कारण त्यानंतरच्या एकशे चाळीसहून अधिक वर्षांत बरेच संशोधन झाले आहे.

आता खात्यात प्रवेश करून लेख संपादनासाठी उघडा. मराठी कळफलक नसेल तर मजकुराच्या चौकटीत कंट्रोल आणि एम एकत्र दाबा. तिथलीच टंकनपद्धत चालू-बंद होते. कर्सर पूर्णविरामानंतर ठेवून अवतरणचिन्हाचे बटण दाबा, पुस्तकाचा साचा निवडा आणि तपशील भरा. दुवा चिकटवून संदर्भ आपोआपही बनतो, पण मराठी बातम्यांच्या बाबतीत लेखकाच्या रकान्यात कधी कधी वृत्तपत्राचेच नाव येऊन बसते, म्हणून जतन करण्याआधी वाचा. बदलाच्या आढाव्यात ‘गॅझेटियरचा संदर्भ जोडला’ एवढे लिहिले की पुरे. आढावा कोरा असला की गस्त घालणाऱ्याला, म्हणजे नवे बदल तपासणाऱ्याला, शंका येते, आणि ते साहजिक आहे.

वाक्यरचनेत नाशिककरांचे दोन ठरलेले घोटाळे होतात. पहिला पंचवटीचा. सीताहरण इथे झाले, हे थेट विधान म्हणून लिहू नका. ‘रामायणातील कथेनुसार’ किंवा ‘अशी श्रद्धा आहे’ असे लिहा. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, हे मात्र सरळ लिहायचे, कारण ती नोंदलेली घटना आहे. दुसरा घोटाळा पुरवणीतल्या भाषेचा: ‘मंत्रभूमी ते यंत्रभूमी’, ‘अवश्य भेट द्यावी’ वगैरे. ही वाक्ये कुणीतरी काढणारच, तुम्हीच काढलेली बरी.

छायाचित्र हवे असेल तर स्वतः काढलेले, मोबाइलमधली मूळ फाइल तशीच कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहावर, चढवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या चित्राचा आकार घटलेला असतो, कॅमेऱ्याची माहिती पुसलेली असते, त्यामुळे ते ‘स्वतःचे काम’ आहे हे कुणाला पटत नाही. चित्र चढवताना तुम्ही दिलेल्या परवान्यात इतरांनी केलेला व्यावसायिक वापरही बसतो. नंतर तक्रार करून उपयोग नसतो. भारतीय कायद्यानुसार सार्वजनिक जागी कायम असलेली वास्तू किंवा पुतळा टिपता येतो. भिंतीवरच्या नव्या रंगचित्राला ती सूट नाही.

बदल उलटवला गेला तर ‘इतिहास’ पाहा, तिथे बहुधा कारण असते. तोच बदल पुन्हा चढवू नका. लेखाच्या चर्चा पानावर विचारा, शेवटी चार टिल्डे (~~~~) द्या म्हणजे तुमची सही आणि वेळ आपोआप उमटते. तिथे काही दिवस उत्तर आले नाही तर चावडीवर, म्हणजे सर्व संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, मांडा. प्रचालक, म्हणजे विकिपीडियाची व्यवस्था पाहणारे संपादक, हेही नोकरीधंदा सांभाळून फुकट काम करतात, तासाभरात उत्तराची अपेक्षा धरू नका. स्वतःचा क्लास, संस्था किंवा साहेब यांच्याबद्दल लिहायचे असेल तर लेखात हात न घालता चर्चा पानावर आपले नाते सांगून सुचवा.

महाविद्यालयात कार्यशाळा घेणार असाल तर एक गोष्ट आधी उरका. एका इंटरनेट जोडणीवरून चोवीस तासांत फक्त सहा खाती उघडता येतात. सातवा विद्यार्थी अडकतो आणि अर्धा तास त्यातच जातो. सर्वांना आदल्या दिवशी घरूनच खाते काढून यायला सांगा.