गजकर्णाच्या गोळ्या घेताय? या चुका टाळा

रोप लावणीचे दिवस आले की बेळगावजवळच्या खानापूर भागातली माणसं दिवसभर चिखलात आणि भिजल्या कपड्यांत असतात. मग जांघेत, कमरेला गजकर्ण उठतं आणि आमच्या मेडिकलवर रोज तेच ऐकू येतं, "मागच्या टायमाला दिलेली तीच गोळी दे की."

मी ती तशी देत नाही. मागच्या वेळची गोळी पुरी केलेलीच नसते. आठ दिवसांत खाज थांबते, चट्टा फिका पडतो आणि उरलेलं पाकीट फळीवर जातं. खाज थांबली तरी गजकर्ण उठवणारी बुरशी कातडीत असतेच. उपचार कित्येकदा चार-सहा आठवडे, कधी त्याहूनही लांबतो, आणि तो कधी थांबवायचा हे डॉक्टरांनी ठरवायचं.

इट्राकोनॅझोल या गजकर्णाच्या औषधाची नेहमीची कॅप्सूल पोटातल्या आम्लात विरघळते, म्हणून ती भरपेट जेवणानंतरच घ्यायची. डॉक्टर कन्नडमध्ये 'ऊट आद मेले', म्हणजे जेवण झाल्यावर, असं सांगतात, म्हातारी मान हलवते आणि घरी जाऊन सकाळच्या चहाबरोबर कॅप्सूल गिळते. कन्नड कळलं नाही तर तिथेच परत विचारा, यात लाजायचं काही नाही. याहून लपून राहणारी चूक पित्ताच्या गोळीची. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल आम्ल कमी करतात, मग कॅप्सूल अंगी लागत नाही आणि महागाच्या औषधाला गुण नाही असं वाटतं. पित्ताची गोळी रोजची असेल तर आधी सांगा. ग्रिसिओफुल्विन हे गजकर्णाचं दुसरं औषध मात्र तेला-तुपाच्या जेवणाबरोबर जास्त लागू पडतं.

शेजारणीला टर्बिनाफिन या बुरशीवरच्या गोळीने बरं वाटलं म्हणून तुम्हालाही वाटेल असं नाही. 2020 मध्ये नाव मिळालेली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी आपल्या देशात पसरली आहे आणि पुष्कळदा ती टर्बिनाफिनला दाद देत नाही.

गोळी चालू असताना क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन ही स्टेरॉइडं मिसळलेलं मलम लावणं म्हणजे एका हाताने विझवायचं आणि दुसऱ्याने फुंकर घालायची. स्टेरॉइडने लाली-खाज दबते, बुरशी पसरत राहते. ही मलमं कुणी सहज दिली तरी घेऊ नका.

लिव्हरचा त्रास, दारू, गरोदरपण यांतलं काहीही असेल तर लपवू नका. हृदय कमजोर असेल तर इट्राकोनॅझोल धोक्याचं. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही. फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या गोळीमुळे ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेणाऱ्याची साखर एकदम उतरू शकते. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अन्न नकोसं झालं किंवा धाप लागून पाय सुजले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यालाही बरोबर न्या, नाहीतर एकाच टॉवेलवरून ती परत येते. आणि जाताना बीपी, शुगर, पित्त, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला. नावं आठवत नसली तरी चालेल, पाकिटं बघून डॉक्टरांना कळतं.