कूलंटची निवड आणि बदल : रंगापेक्षा रसायनाकडे पाहावे

कूलंट, म्हणजे गाडीचे इंजिन थंड ठेवणारे द्रव, विकत घेताना बहुतेक जण रंग पाहतात. टाकीत हिरवे असेल तर हिरवे आणि गुलाबी असेल तर गुलाबी आणावे, हा हिशेब सोपा वाटतो. पण कूलंटचा रंग उत्पादकाने केवळ ओळखीसाठी मिसळलेला असतो आणि कोणत्या रंगाआड कोणते रसायन असावे याचा सर्वांना बंधनकारक असा नियम नाही. दोन कंपन्यांची नारंगी कूलंट घटकांच्या दृष्टीने अगदी वेगळी असू शकतात. म्हणून निवडीची सुरुवात गाडीच्या माहितीपुस्तिकेतून करावी. तिथे दिलेला प्रमाणक्रमांक किंवा कूलंटचा प्रकार बाटलीवर स्पष्ट छापलेला असेल तरच ती बाटली घ्यावी. ‘सर्व गाड्यांसाठी चालते’ एवढ्याच शब्दांवर विसंबू नये.

कूलंटमध्ये तीन गोष्टी असतात : पाणी, ग्लायकॉल (बहुधा एथिलीन ग्लायकॉल) आणि गंजरोधक द्रव्ये. उष्णता वाहून नेण्याचे काम पाणीच अधिक चांगले करते. ग्लायकॉल मिश्रणाचा गोठणबिंदू खाली नेते आणि उत्कलनबिंदू वर चढवते. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असलेले मिश्रण सुमारे उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. मात्र निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते आणि उष्णताही कमी वाहून नेते, त्यामुळे प्रमाण वाढवले की संरक्षण वाढते हा समज चुकीचा आहे. उष्ण प्रदेशात साधे पाणी पुरते, हा समज त्याहून अधिक नुकसान करतो, कारण तिथे गोठण्याचा प्रश्न नसला तरी अॅल्युमिनियमचे हेड (इंजिनाचा वरचा भाग), रेडिएटर (गरम कूलंट थंड करणारा भाग) आणि वॉटर पंप यांना गंजापासून वाचवणारी द्रव्ये साध्या पाण्यात नसतात. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार आतून थर धरतात आणि क्लोराइडमुळे धातू खाल्ला जातो, म्हणून डिस्टिल्ड किंवा क्षारमुक्त केलेले पाणीच वापरावे.

कूलंट जुने होते म्हणजे प्रामुख्याने त्यातील गंजरोधक द्रव्ये संपत जातात. सिलिकेटसारखी अकार्बनी द्रव्ये असलेले जुन्या पद्धतीचे कूलंट धातूवर झटपट थर चढवते, पण साधारण दोन वर्षांत क्षीण होते; कार्बनी आम्लांवर आधारलेले कूलंट सावकाश खर्ची पडते आणि सामान्यतः पाच वर्षांपर्यंत टिकते. दोन्हींचा मेळ घालणारे संमिश्र प्रकारही आहेत. नेमकी मुदत पुस्तिकेतीलच पाळावी. वेगळे प्रकार एकत्र ओतल्यास टिकाऊ कूलंटचे आयुष्य घटते आणि काही वेळा चिकट गाळ तयार होऊन रेडिएटरच्या अरुंद नळ्या तुंबतात. टाकीत कोणते कूलंट आहे हे कळत नसेल आणि पातळी किंचित उतरली असेल, तर तात्पुरते थोडे डिस्टिल्ड पाणी घालावे आणि लवकरच सगळे कूलंट बदलावे.

बदलण्याचे काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, म्हणजे गाडी काही तास उभी ठेवून हाती घ्यावे. गरम यंत्रणेत दाब असतो. झाकण उघडताच उकळते द्रव अंगावर उसळून गंभीर भाजू शकते. इंजिन हाताला गार लागल्यावर झाकण काढावे, रेडिएटरखाली पसरट भांडे ठेवावे आणि तळाचा निचरा बूच उघडावा. तो नसल्यास खालचा होज पाइप सोडवावा. निघालेले द्रव नीट पाहावे. ते तांबूस व गढूळ असेल तर आत गंज आहे, आणि त्यावर तेलकट साय असेल तर कूलंट बदलण्याआधी हेड गॅस्केट (हेड आणि खालचा इंजिन ब्लॉक यांमधले सील) व ऑइल कूलर तपासून घ्यावेत.

पुढची बाब नेहमी निसटते. रेडिएटर रिकामा झाला तरी इंजिन ब्लॉकमध्ये बरेच द्रव उरते. यंत्रणेची क्षमता ६ लिटर आहे, आपण डिस्टिल्ड पाण्याने ती दोन-तीनदा धुतली आणि शेवटच्या निचऱ्यात ४ लिटरच बाहेर आले असे समजू. आत २ लिटर पाणी राहिले. आता निम्म्या प्रमाणाचे तयार मिश्रण ४ लिटर ओतले तर ६ लिटरमध्ये ग्लायकॉलचा भाग फक्त २ लिटर, म्हणजे एकतृतीयांश होतो आणि गंजरोधक द्रव्येही त्याच मानाने विरळ होतात. म्हणून धुतलेल्या यंत्रणेत पाणी न मिसळलेले कूलंट आधी ३ लिटर, म्हणजे एकूण क्षमतेच्या निम्मे घालावे आणि वर १ लिटर डिस्टिल्ड पाणी ओतावे. जुने कूलंट त्याच प्रकारचे आणि स्वच्छ असेल, तर धुण्याची गरज नसते व तयार मिश्रण सरळ भरता येते.

भरताना बारीक धार धरावी, म्हणजे हवा कमी अडकते. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ओतत राहावे. नंतर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवावे आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) उघडून वरचा होज गरम होईपर्यंत तापमानाच्या काट्यावर नजर ठेवावी. काटा चढत असताना हीटरमधून गार हवा येत असेल, तर आत हवा अडकली आहे किंवा कूलंट कमी पडले आहे. अशा वेळी इंजिन लगेच बंद करावे.

एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड असल्यामुळे कुत्री, मांजरे व लहान मुले त्याकडे ओढली जाण्याचा धोका असतो. सांडलेले ताबडतोब टिपून जागा धुवावी. जुने कूलंट गटारात किंवा मातीत न ओतता, बंद डब्यात नाव लिहून, घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे किंवा ते परत घेणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे.

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर टाकीतील पातळी पाहावी. उरलीसुरली हवा निघून गेल्यामुळे ती थोडी उतरलेली असते आणि तेवढीच भर घालावी लागते. त्यानंतरही ती पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर भर घालत न बसता होजचे जोड, रेडिएटर आणि वॉटर पंप यांतून गळती होते आहे का ते तपासावे.