क्लास माउंटच्या मागे लागायचं की नाही, आणि लागायचंच असेल तर कसं

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये एखादा माणूस लिजन या जुन्या एक्स्पान्शनचा (गेमला नंतर जोडलेल्या भागाचा) कंटेंट उघडतो आणि त्याला कळतं की आपल्या क्लासचं (म्हणजे कॅरेक्टरच्या प्रकाराचं, जसं मेज किंवा वॉरियर) स्वतःचं एक माउंट, म्हणजे बसून फिरायचं वाहन, आहे, दुसऱ्या कुणालाच बसता येत नाही असं, की लगेच प्रश्न येतो, हे करण्यात पॉइंट आहे का. याला नुसतं हो किंवा नाही असं उत्तर देणारे भरपूर भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, कारण उत्तर तुम्ही कुठला व्हर्जन खेळता आणि ते कॅरेक्टर तुमचा मेन (मुख्य कॅरेक्टर) आहे की असंच पडलेला आल्ट (जोडीचं कॅरेक्टर), यावर पूर्ण अवलंबून आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. रिटेलमध्ये, म्हणजे गेमच्या सध्याच्या व्हर्जनमध्ये, क्लास माउंट इतर माउंटपेक्षा वेगात पळत नाही. वेग तुमच्या रायडिंग स्किलवर ठरतो, माउंटवर नाही, जमिनीवर 100 टक्के आणि साध्या फ्लाइंगमध्ये वरचं ट्रेनिंग घेतलं असेल तर 310 टक्के, मग खाली तुमचा सोन्याचा घोडा असू दे नाहीतर व्हेंडरकडून घेतलेलं साधं ग्रिफिन. युटिलिटी पण नाही काही. मॅमथवर व्हेंडर असतात, मोठ्या याकवर तर ट्रान्समॉगवाला (कपड्या-शस्त्रांचा लुक बदलून देणारा) पण असतो, स्काय गोलेमवर बसून खाली न उतरता हर्ब तोडता येतात, आणि तो 50 लाख गोल्डवाला ब्रुटोसॉर तर ऑक्शन हाऊस पाठीवर घेऊन फिरतो. क्लास माउंट यातलं काहीच करत नाही. ते दिसतं भारी, आणि तुमच्या क्लासचं असतं, बस.

शायनिंग मारायची असेल तर तेही विसरा. ही माउंट 2017 पासून गेममध्ये आहेत आणि कुणालाही मिळतात, त्यामुळे शहरात उभं राहून लोक वळून बघतील वगैरे काही होणार नाही, बघणाऱ्यापैकी निम्म्यांकडे त्यांच्या क्लासचं असतंच.

मग लोक का करतात? माझ्या मते दोन कारणं खरी आहेत. एक, ज्या क्वेस्टलाइनमधून (कामांच्या मालिकेतून) हे माउंट मिळतं ती स्वतः चांगली आहे, तुमच्या क्लासची गोष्ट आहे तिच्यात, आणि तुम्हाला तुमच्या ऑर्डरचा (क्लासच्या संघटनेचा) प्रमुख म्हणून वागवतात. दुसरं, लुक. डेथ नाइट खेळणाऱ्याला विचारा, स्पेक (क्लासमधला खेळायचा प्रकार) बदलला की ड्रॅगनचा रंग बदलतो हे त्याला किती आवडतं. तुम्हाला ही दोन्ही कारणं फालतू वाटत असतील तर इथेच थांबलात तरी चालेल, तुमचं काही अडत नाहीये.

कोणाला काय मिळतं

सगळ्या क्लासना सारखा माल मिळत नाही, आणि निर्णय घेताना हे लोक बघतच नाहीत. पॅलाडिन, हंटर, रोग आणि वॉरलॉक यांना मुख्य माउंटशिवाय वेगळ्या रंगाची जादा माउंट पण आहेत, ती नंतर आपल्या क्लास हॉलमधल्या (ऑर्डरच्या मुख्यालयातल्या) विक्रेत्याकडून वेगळी घ्यावी लागतात, म्हणजे एका मेहनतीत तीन-चार माउंट. कलेक्शन करणाऱ्यासाठी हे चार क्लास सगळ्यात फायद्याचे. डेथ नाइट, प्रीस्ट, शमन आणि मेज यांचं माउंट एकच पण स्पेकप्रमाणे रंग बदलतं. मेजची ती चकती आर्केन, फायर आणि फ्रॉस्टमध्ये वेगवेगळी दिसते, आणि शमनचा वादळवाला प्राणी माझ्या मते सगळ्यात देखणा आहे, यावर भांडायची तयारी आहे माझी.

वॉरियर, डीमन हंटर आणि मंक यांना एक माउंट, एक रूप. पण मंकचा वाघ बान-लू बोलतो! तुम्ही बसून कुठेतरी चाललेले असता आणि तो मधेच शहाणपणाच्या गोष्टी सांगायला लागतो. काहींना पहिल्या तासात प्रेम बसतं, काहींना दुसऱ्या तासात त्याला गप्प करायचं बटण हवं असतं.

ड्रुइडचं प्रकरण वेगळं आहे. त्यांना घुबडासारखं चंद्रप्रकाशी रूप मिळतं, दिसतं छान, पण ड्रुइडकडे मुळात उडायचा फॉर्म असतोच, तोही इन्स्टंट, त्यात राहून हर्ब पण तोडता येतात. त्यामुळे ड्रुइडला माउंटची गरज सगळ्यात कमी, आणि हे काम त्याच्यावर सगळ्यात शेवटी केलं तरी चालतं.

काम नक्की काय आहे

आता करायचं ठरलं असं धरू. मॅक्स लेव्हलचं कॅरेक्टर घ्या, जुना कंटेंट एकट्याने उडवता येईल एवढं गिअर कुठल्याही मॅक्स लेव्हल कॅरेक्टरकडे असतंच. ब्रोकन आइल्स या लिजनच्या बेटांवरच्या डॅलारान शहरात जा, आर्टिफॅक्ट वेपनची (लिजनमधल्या खास शस्त्राची) क्वेस्ट करा, म्हणजे क्लास हॉल उघडतो. प्रत्येकाचा हॉल वेगळा आहे, पॅलाडिनचा लाइट्स होप चॅपलच्या खाली, रोगचा डॅलारानच्या पोटात, वॉरियरचा वर आकाशात स्कायहोल्डमध्ये, वॉरलॉकचा ड्रेडस्कार रिफ्टमध्ये. तिथल्या गोष्टीच्या क्वेस्ट सोडू नका, पुढे सगळं त्यालाच जोडलेलं आहे.

मग येतं ब्रोकन शोअर, लिजनच्या 7.2 पॅचमध्ये (अपडेटमध्ये) आलेला भाग. पहिल्यांदा करताय तर ब्रीचिंग द टूम हे अचीव्हमेंट पूर्ण करावं लागतं, आणि खरा वेळ इथे जातो. मूळ 2017 मध्ये याचे भाग आठवड्या-आठवड्याने उघडायचे, लोक महिनोन्महिने वाट बघत बसायचे, आता ते बंधन नाही म्हणून बरंच लवकर होतं. तरी काही गोष्टींना वाट बघायला लागतेच. त्यात एक आहे लिजन असॉल्ट, म्हणजे चार जुन्या झोनपैकी एकावर हल्ला होतो आणि तो फक्त काही तास चालतो, सुमारे सहा, मग मधे मोठा गॅप. तुम्ही लॉगिन कराल तेव्हा तो चालू असेलच असं नाही. म्हणून माझा सल्ला असा की मॅप उघडून असॉल्ट दिसला की हातातलं बाकी सगळं सोडून आधी तो उरका, क्वेस्ट आत्ता हातात असेल तर. बाकीचे टप्पे कधीही होतात, हा एकच तुमच्या टाइमटेबलवर चालत नाही. कॅथेड्रल ऑफ इटर्नल नाइट हा डन्जन पण लागतो, मॅक्स लेव्हलला तो एकट्याने आरामात होतो, ग्रुप शोधायच्या भानगडीत पडू नका.

याच्या जोडीला तुमच्या क्लासची लिजनफॉलवाली (ब्रोकन शोअरच्या मोहिमेची) क्वेस्टलाइन, जिच्यात हॉलला एक नवा चॅम्पियन, म्हणजे मिशनवर पाठवायचा फॉलोअर, मिळतो. आणि हे दोन्ही झाल्यावर माउंटची खास क्वेस्ट येते, ती प्रत्येक क्लासची वेगळी, त्यातच मजा आहे म्हणून मी काही सांगत नाही.

मिशन टेबल, म्हणजे खरी डोकेदुखी

क्लास हॉलच्या क्वेस्टमध्ये मधेमधे मिशन टेबल येतं, अमुक मिशन पूर्ण करा, तमुक फॉलोअर पाठवा, आणि ती मिशन खऱ्या वेळेत चालतात, तासातासाची. इथे नवीन माणूस कंटाळून सोडून देतो कारण तो टेबलासमोर बसून राहतो. कुकरची शिट्टी मोजत उभं राहिल्यासारखं होतं ते. मिशन तुम्ही लॉगआउट असताना पण चालू राहतात, त्यामुळे साधा नियम ठेवा, लॉगआउट करायच्या आधी टेबलाकडे जाऊन सगळे चॅम्पियन कामाला लावा आणि मगच निघा, आणि सैनिकांची ऑर्डर पण तेव्हाच टाकून ठेवा. ऑर्डर रिसोर्सेस (मिशनसाठी लागणारं हॉलचं चलन) कमी पडतात असं वाटलं तर आइल्समधल्या वर्ल्ड क्वेस्ट आणि वाटेत दिसणाऱ्या पेट्या उचला, वेगळं फार्म करत बसायची गरज शक्यतो पडत नाही.

आणि ज्यांना तीन-चार क्लास करायचे आहेत त्यांनी एकामागे एक करू नका, हे खरंच मोठं वाचवतं. मिशनची वाट बघायची वेळ प्रत्येक कॅरेक्टरची वेगळी धावते, म्हणजे एकाने मिशन पाठवलं की दुसऱ्यावर जा, तिथे क्वेस्ट करा, त्याचं मिशन लावा, तिसऱ्यावर जा. एकेक संपवत बसलात तर तेवढंच काम चौपट दिवसांत होईल आणि दुसऱ्या क्लासपर्यंत पोहोचायच्या आधीच तुमचा मूड गेलेला असेल.

यात अजून एक चांगली गोष्ट अशी की ब्रीचिंग द टूम अकाउंटवर एकदाच करायचं आहे. पहिल्या कॅरेक्टरवर ते झालं की पुढच्या क्लासना फक्त त्यांच्या हॉलचं आणि लिजनफॉलच्या चॅम्पियनपर्यंतचं काम राहतं, असॉल्टची वाट वगैरे नाही. म्हणून हिशोब करताना पहिल्या माउंटचा वेळ बघून बाकी अकरांचा अंदाज बांधू नका, पहिलं लांब असतं, बाकीची बऱ्यापैकी आखूड. आणि त्याच क्लासचं दुसरं कॅरेक्टर असेल तर त्याला काहीच करायचं नाही. माउंट अकाउंटचं असतं, बंधन फक्त क्लासचं आहे, एका पॅलाडिनने कमावलं की तुमचे सगळे पॅलाडिन त्यावर बसतात. दोन्ही फॅक्शनला (गेममधल्या दोन बाजूंना) एकेक पॅलाडिन ठेवणारे लोक हे विसरतात आणि दुसऱ्यावर परत सुरू करतात, तेवढं टाळा.

माझं मत असं की मेनवर करा, डोळे झाकून करा, गोष्टीसाठीच. आल्टवर करायचं तर दोन प्रश्न विचारा, या आल्टवर मी आठवड्यातून एकदा तरी बसतो का आणि याच्या माउंटला जादा रंग आहेत का. दोन्हींचं उत्तर नाही असेल तर तो वेळ दुसऱ्या कुठल्यातरी माउंटला द्या जे तुमच्या सगळ्या कॅरेक्टरना वापरता येईल, क्लासचं बंधन म्हणजे नाही म्हटलं तरी मर्यादाच आहे. उदाहरणार्थ तो रेव्हन लॉर्ड, हिरोइक सेथेक हॉल्स या डन्जनमधल्या आन्झू नावाच्या बॉसकडचा. एके काळी त्याला बोलवायलाच क्वेस्ट केलेला ड्रुइड लागायचा, नंतर ती अट काढली, पण माउंट तेव्हाही आणि आताही कुठलाही क्लास वापरू शकतो. नशीबच हवं त्याला, पण मिळाला की सगळ्यांचा.

क्लासिक खेळत असाल तर वरचं सगळं विसरा

क्लासिकमध्ये, म्हणजे गेमच्या जुन्या रूपातल्या व्हर्जनमध्ये, हिशोब एकदम उलटा आहे. तिथे वॉरलॉक आणि पॅलाडिन या दोनच क्लासना स्वतःचं माउंट आहे, आणि तिथे प्रश्न लुकचा नाही, गोल्डचा आहे. लेव्हल 40 ला बाकी क्लासना ट्रेनिंग आणि माउंट मिळून सुमारे 100 गोल्ड द्यावे लागतात, तेव्हा 100 गोल्ड म्हणजे खिसा रिकामा होतो, आणि या दोघांना ते जवळजवळ फुकट मिळतं. इथे विचार करायचाच नाही, 40 झाल्या झाल्या घ्या.

लेव्हल 60 ला वेगवान माउंट बाकीच्यांना डिस्काउंट सोडून 1000 गोल्डच्या घरात पडतं. वॉरलॉकचा ड्रेडस्टीड आणि पॅलाडिनचा चार्जर यांना क्वेस्ट आहे, महागडं मटेरियल आहे, डन्जन आहेत, पण सगळं धरूनही बहुतेक सर्व्हरवर बराच स्वस्त पडतो. शिवाय ते स्पेल आहे, बॅगमध्ये जागा खात नाही, इतरांना माउंट पिशवीत घेऊन फिरावं लागतं. थोडा माना जातो बोलावताना, तेवढं चालतंय.

वॉरलॉकसाठी एक खास टीप. शेवटचा विधी डायर मॉलच्या पश्चिम भागात असतो, त्याला घंटा, चाक आणि मेणबत्ती अशा तीन वस्तू लागतात आणि त्या स्वस्त नाहीत. पण त्या प्रत्येकाने घ्यायची गरज नाही, ग्रुपमध्ये एका वॉरलॉककडे असल्या तरी भागतं. म्हणून गिल्डमध्ये (तुमच्या खेळाडूंच्या गटात) आधी विचारा कुणाकडे आहेत का, नसतील तर तीन-चार वॉरलॉक मिळून वर्गणी काढा. एकट्याने सगळं विकत घेणारा वॉरलॉक नंतर दुसऱ्यांना पैसे घेऊन ही सर्व्हिस देताना पण दिसतो, आणि ते वाईट नाही, उलट त्याचा खर्च त्यातूनच निघतो. पॅलाडिनला हा शॉर्टकट नाही, त्याची क्वेस्ट स्ट्रॅथहोम आणि स्कोलोमान्समधून जाते आणि शेवटी स्कोलोमान्समध्ये डेथ नाइट डार्करीव्हरशी लढावं लागतं, त्यामुळे चार ओळखीचे लोक आधी तयार ठेवा, अनोळखी ग्रुपला तुमच्या घोड्यासाठी थांबायला सांगणं फार अवघड जातं.

बर्निंग क्रुसेड या क्लासिकनंतरच्या एक्स्पान्शनमध्ये ड्रुइडची वेगवान फ्लाइट फॉर्मची क्वेस्ट आहे, तिच्याबद्दल लोक समजतात की वेगवान फ्लाइंग फुकट मिळणार. नाही मिळत. त्या क्वेस्टसाठी वरचं फ्लाइंग ट्रेनिंग आधी हवं, आणि ते 5000 गोल्डचं ट्रेनिंग ड्रुइडलाही भरावंच लागतं, वाचतो तो फक्त माउंटचा खर्च. तेव्हा ड्रुइडवर असाल तर आधी गोल्ड साठवायला घ्या, क्वेस्टचं नंतर बघू.